गावाने दिलेले ज्ञान गावाकडे परतावे
(वैद्यकीय संशोधनाचे संकलन आणि ग्रामीण आरोग्य या विषयावरील व्याख्यानाचा पाठ)



शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव उभ्या महाराष्ट्राला ज्ञात आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. तेथे जाणारा प्रत्येक मराठी माणूस नतमस्तक होऊन परततो. परंतु याच गावाची आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार करणे, हा त्या कामाचा गाभा होता. डॉ. कोयाजींना १९८९ साली पद्मभूषण आणि १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे वढूच्या या कामाचा मोठा वाटा होता.

या कामातूनच २००२ साली शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांची एक कायमस्वरूपी आरोग्य-नोंद सुरू झाली. ठरावीक काळाने घरोघरी जायचे, कोण जन्मले, कोण निवर्तले, कोण गावात आले, कोण गाव सोडून गेले, याची नोंद घ्यायची. दिसायला हे काम रुक्ष आणि कारकुनी स्वरूपाचे. परंतु आजच्या विषयाचा आरंभ याच नोंदवहीपासून करावा लागतो. जगातील कोणत्याही वैद्यकीय ग्रंथालयात जे ज्ञान साठलेले आहे, ते मुळात अशाच कुठल्यातरी घराच्या ओसरीवर, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी दिलेल्या उत्तरातून जन्माला आले आहे. ते ज्ञान पुढे कोठे जाते, कसे साठवले जाते, कसे शोधले जाते, आणि ज्या घराने ते दिले त्या घराकडे ते परत येते की नाही, हा आजचा विषय आहे.

ओसरीवरचे शब्द आणि ग्रंथालयातील संज्ञा

ग्रामीण भागात अनेक मृत्यू घरीच होतात. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला बहुतेक वेळा नसतो. अशा वेळी 'व्हर्बल ऑटोप्सी' नावाची पद्धत वापरतात. प्रशिक्षित कार्यकर्ता काही काळाने त्या घरी जातो, आप्तांना शेवटच्या आजाराविषयी ठरावीक प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरे लिहून घेतो. नंतर डॉक्टर ती उत्तरे वाचून मृत्यूचे संभाव्य कारण ठरवितात आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतील एक संकेतांक देतात. न्यूमोनियाला एक, मधुमेहाला दुसरा, सर्पदंशाला तिसरा.

यातील खरी कसोटी भाषेची असते. घरातील वृद्धा 'न्यूमोनिया' म्हणत नाही. ती म्हणते, पोराची छाती भरली होती, पोटऱ्या उडत होत्या म्हणावे तशी बरगडी उडत होती. पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. अतिसाराला कोणी जुलाब म्हणते, कोणी ढाळ, कोणी हगवण, आणि हगवण म्हणताना रक्त पडत होते की नाही हे वेगळे विचारावे लागते. सर्पदंशाच्या बाबतीत तर आपल्याकडे सापाचे नावच घेत नाहीत. 'पान लागलं' एवढेच सांगतात. ज्याला हा वाक्प्रचार ठाऊक नाही, तो त्या मृत्यूची नोंद भलत्याच रकान्यात करील. म्हणजे विज्ञानाची पहिली पायरी मराठी नीट समजणे ही आहे. येथे चूक झाली, तर पुढे कितीही मोठा संगणक आणला तरी ती चूक दुरुस्त होत नाही. उलट आकडेवारीचे वस्त्र नेसून ती अधिक प्रतिष्ठित होते.

निबंधांचा महासागर

नोंदींवरून संशोधन होते, संशोधनाचे निबंध होतात आणि निबंध नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. मग प्रश्न उभा राहतो तो त्यांच्या संख्येचा. अमेरिकेतील लष्करी शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' नावाची मासिक सूची सुरू केली. जगभर प्रसिद्ध होणाऱ्या वैद्यकीय निबंधांची विषयवार यादी, असे तिचे स्वरूप होते. त्या काळी ती माणसे हाताने करीत. १९६४ साली हे काम संगणकावर गेले. नव्वदच्या दशकात 'पबमेड' या नावाने ती सूची इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक निबंधांच्या नोंदी आहेत. एखाद्याने दर मिनिटाला एक सारांश वाचायचे ठरविले आणि अन्न, पाणी, निद्रा यांचा त्याग केला, तरी हे वाचन संपावयास ६६ वर्षांहून अधिक काळ लागेल; आणि तोवर नवे निबंध येतच राहतील.

एवढ्या पसाऱ्यातून हवे ते सापडते कसे? त्यामागे एक शिस्तबद्ध शब्दकोश आहे. १९६० सालापासून अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय 'मेश' नावाची विषयसंज्ञांची यादी सांभाळते. तीत ३० हजारांच्या वर संज्ञा आहेत आणि त्या वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या आहेत. हृदयविकार ही एक फांदी, तिच्यावर झडपांचे विकार ही उपफांदी, तिच्यावर पुढची डहाळी. एका लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहिले, दुसऱ्याने 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' लिहिले, तरी दोन्ही निबंध एकाच संज्ञेखाली येतात. शोधणाऱ्याने कोणताही शब्द वापरला तरी त्याला दोन्ही सापडतात. वढूच्या ओसरीवर जुलाब, ढाळ आणि हगवण यांची जी छाननी होते, तिचेच हे जागतिक रूप आहे.

संहितांची परंपरा आणि हळदीचा धडा

विखुरलेले ज्ञान गोळा करणे, त्यातील पुनरुक्ती काढणे, विसंगती मिटविणे आणि ते वापरण्याजोगे करणे, हे काम भारताला नवे नाही. अग्निवेशाच्या मूळ तंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला, म्हणजे ते शोधून, वाढवून नव्याने मांडले. पुढे त्या ग्रंथाचे ४१ अध्याय उपलब्ध नव्हते, तेव्हा दृढबलाने अन्य अनेक तंत्रांतून सामग्री गोळा करून ते पूर्ण केले. वाग्भटाचा 'अष्टाङ्गहृदय' हा ग्रंथही विखुरलेल्या तंत्रांतील सार एकत्र आणण्याच्या हेतूनेच रचला गेला. चरकसंहितेत तर ग्रंथ कसा रचावा आणि कसा वाचावा यासाठी ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. विषय कोणता, शब्दाचा अर्थ कोणता, पूर्वपक्ष कोणता, निर्णय कोणता, दुसऱ्याचे मत कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे ओळखण्याची ती साधने आहेत. आजचा संशोधक निबंधातून निष्कर्ष वेगळे काढताना हेच प्रश्न विचारतो.

मात्र पूर्वजांनी केले म्हणून आपले कर्तव्य संपत नाही, हा धडा हळदीने शिकविला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. जखमेवर हळद दाबणे हे मराठी घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु पेटंट कार्यालयात आजीबाईची साक्ष चालत नाही; छापील पुरावा लागतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने ही लढाई लढली गेली. प्राचीन ग्रंथांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील मिळून ३२ संदर्भ गोळा करण्यात आले. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंधही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

हा विजय मोठा होता, पण त्यातून एक कठोर सत्यही समोर आले. ज्ञान आपल्याकडे होते. ते शोधणाऱ्याला सापडेल अशा रूपात मात्र नव्हते. परदेशातील परीक्षक संस्कृत, अरबी वा तमिळ पोथी उघडणार नाही. म्हणून २००१ साली 'पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालया'चे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील एकेक योग वेगळा काढायचा, त्यातील वनस्पतींची शास्त्रीय नावे निश्चित करायची, रोगाचे नाव आधुनिक परिभाषेशी जुळवायचे, प्रत्येकाला वर्गांक द्यायचा आणि हे सर्व इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उपलब्ध करायचे, असे ते प्रचंड काम. चार लाखांहून अधिक योग त्यात नोंदले गेले. २००९ साली युरोपीय पेटंट कार्यालयाला ते पाहण्याची सोय करारान्वये मिळाली. भावनेच्या भरात दिलेल्या शंभर भाषणांनी जे साधले नसते, ते अशा चिकाटीच्या सूचीकरणाने साधले.

येथे एक सावधगिरीही हवी. एखादा योग ग्रंथात आहे, एवढ्याने तो प्राचीन असल्याचे सिद्ध होते; तो गुणकारी असल्याचे सिद्ध होण्यासाठी वेगळी परीक्षा लागते. या दोन गोष्टींची गल्लत करणे हा आपल्या वारशाचा सन्मान नव्हे.

विखुरलेले तुकडे जोडताना

संकलनाने केवळ जुने ज्ञान सापडते असे नाही. कधी कधी नवे ज्ञानही जन्मते. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॅन्सन हे ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते, वैद्य नव्हते. थंडीत हातापायाची बोटे पांढरीफटक पडतात अशा 'रेनो' नावाच्या विकारावरील निबंध त्यांनी वाचले. त्या रुग्णांचे रक्त दाट असते, असे त्यांत म्हटले होते. माशाच्या तेलावरील निबंधांचा गठ्ठा वेगळाच होता. त्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे त्यांत म्हटले होते. दोन्ही गठ्ठ्यांचे लेखक एकमेकांचे निबंध वाचत नव्हते. स्वॅन्सन यांनी १९८६ साली दोन्ही जोडून सुचविले की, या विकारावर माशाच्या तेलाचा उपयोग होऊ शकेल. १९८९ साली एका चिकित्सालयीन चाचणीत त्याला दुजोरा मिळाला. एकाही रुग्णाला न तपासता, केवळ ग्रंथालयात बसून त्यांनी हा दुवा शोधला.

आपल्या देशातील याहून मोलाचे उदाहरण सर्पदंशाचे आहे, आणि दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पहाटे उसाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी, पाचट काढणारी मजूर स्त्री, कोपीत जमिनीवर निजलेले ऊसतोड कामगाराचे मूल, यांच्यावर हे संकट येते. देशात सर्पदंशाने किती माणसे मरतात, याचा रुग्णालयीन आकडा वर्षानुवर्षे फार लहान दिसे, कारण रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले मृत्यू त्यात नसत. २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रवाह एकत्र आणले गेले. पहिला, देशभरातील सहा लाखांहून अधिक मृत्यूंच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती. दुसरा, २००० सालानंतर प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून वेचून काढलेली ८७ हजारांहून अधिक सर्पदंशांची माहिती. निष्कर्ष असा निघाला की, २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. निबंधांतून वेचलेल्या दंशांपैकी ४३ टक्के घोणस या एकाच सापाचे होते.

हे काम करणाऱ्यांनी नवे औषध शोधले नाही. त्यांनी जे होते ते मोजले आणि जोडले. त्यानंतर, मार्च २०२४ मध्ये, केंद्र सरकारने सर्पदंश-नियंत्रणाची राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. जो मृत्यू मोजला जात नाही त्याच्यासाठी लस, औषध वा रुग्णवाहिका यांची तरतूदही होत नाही. 'पान लागलं' या दोन शब्दांची योग्य रकान्यात झालेली नोंद येथवर पोहोचते.

याच संदर्भात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदविली. ती १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. 'प्राझोसिन' या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशात उपयोग त्यांनी रूढ केला आणि एके काळी प्राणघातक ठरणाऱ्या या दंशातील मृत्यूंचे प्रमाण अगदी अल्प झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातील वैद्य हा केवळ ज्ञानाचा ग्राहक नसतो, तो ज्ञानाचा दाताही असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

एक निबंध म्हणजे निर्णय नव्हे

संकलनाचे खरे महत्त्व कळते ते परस्परविरोधी वाटणाऱ्या निष्कर्षांच्या वेळी. त्याचेही उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातीलच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. या अभ्यासामागची कल्पनाही जुन्या नोंदवह्यांतून आली होती. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील सुईणी आणि आरोग्यसेविका यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या वह्या शोधून काढल्या होत्या. जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकाराने अधिक मृत्यू येतो, असे त्यांवरून दिसले होते.

पुण्याच्या गावांतील अभ्यासात सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्पटन येथील बाळांचे ३.५ किलो होते. परंतु आपली बाळे केवळ लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते आणि त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक तरीही मेदयुक्त' अशा या भारतीय बाळाचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. बारीक अंगकाठीच्या भारतीयाला मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा तेथे सापडला. शिवाय, गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने व आकाराने सरस असल्याचेही दिसले.

२००८ साली याच अभ्यासातून पुढचा निष्कर्ष आला. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

आता कल्पना करावी की एखाद्याने केवळ हा एकच निबंध वाचला आणि गावातल्या गर्भवतींना सांगितले, "फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा." केवढा अनर्थ होईल! कारण १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने हे निर्विवाद दाखविले आहे की, गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतील गंभीर जन्मदोष टळतात. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी आहेत. त्यांचा मेळ असा की, फॉलिक ॲसिड सोडू नये आणि बी-१२ कडे दुर्लक्ष करू नये. पहिला अभ्यास निरीक्षणाचा होता, दुसरी प्रत्यक्ष चाचणी होती. दोहोंचे वजन सारखे धरता येत नाही, हेही ध्यानी घ्यावे लागते. शाकाहारी कुटुंबांना दूध-दह्यातून बी-१२ मिळते, तेव्हा घरातील दूध डेअरीला घालताना सुनेच्या वाट्याला किती राहते, हा प्रश्न येथे केवळ जिव्हाळ्याचा राहत नाही, तो शास्त्राचा होतो. पुढे किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर होणारा परिणाम तपासण्याची चाचणीही २०१२ साली याच कुटुंबांत सुरू झाली. गावकऱ्यांनी तीन पिढ्या शास्त्राला साथ दिली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

अशा अनेक निष्कर्षांचे तटस्थपणे वजन करण्याचे शास्त्र ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांच्या प्रेरणेने उभे राहिले. १९९३ साली स्थापन झालेली 'कॉक्रन' संस्था हेच काम करते. तिच्या बोधचिन्हात एक शोककथा दडलेली आहे. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, असे १९७२ साली न्यूझीलंडमधील चाचणीने दाखविले. नंतर आणखी चाचण्या झाल्या. काही लहान होत्या, काहींचे निष्कर्ष अस्पष्ट होते. त्या साऱ्यांची एकत्र मांडणी १९८९ साली झाली, तेव्हा लाभ स्पष्ट दिसला. ज्ञान होते, पण ते वेगवेगळ्या कपाटांत पडून होते. मधल्या काळात जी बाळे वाचू शकली असती आणि वाचली नाहीत, त्यांची किंमत त्या विलंबाने घेतली.

यंत्राचा वेग आणि माणसाचा विवेक

आज निबंध वाचण्याचे काम संगणकाकडे सोपविले जात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हजारो सारांशांतून रोग, औषध, जनुक यांची नावे ओळखतात, त्यांचे परस्परसंबंध मांडतात आणि क्षणार्धात गोषवारा लिहून देतात. हे साहाय्य मोठे आहे, ते नाकारणे शहाणपणाचे नाही. परंतु ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, लेखक आणि साल आत्मविश्वासाने सांगतात, हेही अनुभवास आले आहे. मूळ निबंध उघडून पाहिल्याविना त्यांवर विसंबणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविण्यासारखे आहे.

माणसेही फसतात. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या भर संकटात, 'लॅन्सेट'मध्ये ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घातक असल्याचे त्यात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबविली. नंतर त्या माहितीची स्वतंत्र तपासणी होऊ शकली नाही आणि दोन आठवड्यांच्या आतच निबंध मागे घेण्यात आला. पुढे नीट झालेल्या मोठ्या चाचण्यांत ते औषध कोरोनावर निरुपयोगी ठरले, हे खरे. परंतु उत्तर काय निघाले यापेक्षा ते कोणत्या मार्गाने निघाले, हे शास्त्रात अधिक महत्त्वाचे असते. संगणक कितीही वेगवान असो, मुळाशी ओसरीवर बसून प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद नसेल, तर सारा डोलारा वाळूवर उभा राहतो.

शिरूर-दौंडने काय करावे?

वढूच्या भागाने जगाला दिलेल्या ज्ञानाचे एक फळ सर्वांसमोर आहे. अतिसारावरील भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लसीची चाचणी २०११ ते २०१२ या काळात दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू परिसर येथे ६,७९९ बालकांवर झाली. गंभीर आजाराविरुद्ध पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते, असे दिसले. २०१६ साली ही लस चार राज्यांच्या सार्वत्रिक लसीकरणात आली आणि रोटाव्हायरस लसीकरण २०१९ साली देशभर पोहोचले. येथील मातांनी आपली तान्ही बाळे विश्वासाने पुढे केली, म्हणून ओडिशातील वा हिमाचलातील बाळ आज सुरक्षित आहे. हे ऋण मोठे आहे. ते गावाला कोणी सांगितले का?

येथेच मुख्य उणीव आहे. शोधनिबंध इंग्रजीत असतात. २०२५ सालापासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेखाली सुमारे १३ हजार नियतकालिके देशातील शासकीय उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना खुली झाली आहेत. हे पाऊल स्तुत्य आहे. परंतु आडगावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर, आशा कार्यकर्ती आणि ज्या घरात रक्ताचा नमुना घेतला गेला ते घर, या योजनेच्या कक्षेबाहेरच आहे. ही दरी शासन एकटे भरून काढू शकणार नाही. समाजाने यात हात घातला पाहिजे.

पहिले काम मराठी सारांशाचे. या दोन तालुक्यांत प्राध्यापक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. पुणे जिल्ह्यातील गावांवर प्रसिद्ध झालेला प्रत्येक महत्त्वाचा निबंध दोन पानी मराठीत, जाणकार वैद्याकडून तपासून, त्या गावच्या ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात लावला जावा. ग्रामसभेत तो वाचला जावा.

दुसरे काम शब्दांचे. आजारांसाठी आपल्या भागात वापरले जाणारे शब्द, म्हणी, आडवळणाचे उल्लेख आशाताई आणि वृद्ध स्त्रियांकडून गोळा करून त्यांसमोर वैद्यकीय संज्ञा लिहावी. असा छोटा कोश नव्या डॉक्टरच्या हाती पडला, तर पुढच्या कित्येक नोंदी अचूक होतील.

तिसरे काम मृत्यूनोंदीचे. घरातील माणूस गेल्यावर कारण सांगताना आपण 'वार्धक्य' किंवा 'अचानक' असे लिहून मोकळे होतो. खरे कारण सांगणे हे मृताप्रती कर्तव्य आहे आणि मागे राहिलेल्यांचे संरक्षणही.

चौथे काम विवेकाचे. भ्रमणध्वनीवर रोज एखादा 'शास्त्रज्ञांचा नवा शोध' येतो. तो पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा निष्कर्ष किती माणसांवरून काढला? कोणाशी तुलना करून काढला? आणि इतर अभ्यास काय सांगतात? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा. तो आपल्याच परंपरेचा गौरव करणारा असला, तरीही थांबवावा.

यातील कोणतेही काम डोळे दिपविणारे नाही. त्यासाठी सभा नकोत, सत्कार नकोत. टेबलाशी बसून सातत्याने करण्याचे हे काम आहे. बिलिंग्ज यांनी तेच केले, दृढबलाने तेच केले, हळदीचे ३२ संदर्भ शोधणाऱ्यांनी तेच केले आणि उन्हातान्हात घरोघरी फिरून 'घरात कोण कोण आहे, ताई?' असे विचारणाऱ्या वढूच्या कार्यकर्त्यांनीही तेच केले. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील दहा गावांनी जरी वर्षभरात एवढे केले, तरी भीमेच्या दोन्ही तीरांवर हे ज्ञान मराठीत बोलू लागेल.